लोण्यासारखा ब्रेक

ब्रेक ऑइलचा वास आला की ती सकाळ आठवते. मी नुकतीच गाडी शिकले होते आणि सासूबाईंना घाट उतरून मलकापूरला त्यांच्या माहेरी नेणार होते. ब्रेकचं पेडल लोण्यासारखं मऊ लागत होतं; मला शहाणीला वाटलं, आपला पाय तयार झाला. अंगणातच सासऱ्यांनी ते दाबून पाहिलं. भराभर दाबल्यावर कडक झालं. "पोरी, पाइपात हवा शिरली. घाटात थांबली नसती गाडी." मला पेडल दाबून धरायला सांगून ते पाना घेऊन चाकाशी बसले. "मी म्हणतो तवाच पाय उचल." चाकाजवळच्या ढिल्या केलेल्या स्क्रूतून तेलाबरोबर हवेचे बुडबुडे निघून गेले, पेडल घट्ट झालं. "तुम्ही बसनं जा," मी रडवेली होऊन म्हणाले. मागच्या सीटवरून सासूबाई हलल्यासुद्धा नाहीत. "काऊन? आता तर तुले समजलं ना." हल्ली नात गाडी काढते, तेव्हा आधी मी पेडल दाबून पाहते, सासूबाईंसारखं नुसतं बसून राहणं मला अजून जमलेलं नाही.