आहेरात आलेला टॉवर

आमच्या वाडीत मरणाची बातमीसुद्धा चालत यायची. खाली नाटे बंदराच्या बाजारात, जेटीवर, सगळीकडे मोबाईल खणखणायचे. पण आमची बौद्धवाडी पडली सड्याच्या, म्हणजे कातळपठाराच्या, पलीकडे खोलगटात, तिथे मोबाईल म्हणजे नुसतं घड्याळ. माझे काका मुंबईला वारले तेव्हा निरोप आला बाजारातल्या दुकानदाराच्या फोनवर, आणि त्याने माणूस वर पाठवला दुसऱ्या दिवशी. बाबा मिळेल त्या गाडीने मुंबईला पोचले, तोवर सख्ख्या भावाचं सगळं उरकलं होतं. परत आले ते पडवीतच बसले. सुजातावहिनी तेव्हा नुकतीच लग्न होऊन घरात आली होती. तिने बाबांपुढे चहा ठेवला आणि म्हणाली, "ह्या घरात फोन वाजवून दाखवीन मी." नवी सून सासऱ्याला असं सांगते... आईने तिला डोळ्यांनीच गप्प केलं. त्या वहिनीला जाऊन आता महिना होत आला.

तिच्या बोलण्याला आधार होता. ती चिपळूणची, बारावी झालेली, आणि रत्नागिरीत एका छोट्या मोबाईल कंपनीच्या काउंटरवर नोकरीला. आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मी, हे मी कुठेही ताठ मानेने सांगते; पण बी.कॉम.ची सगळी वर्षं मी रत्नागिरीत वहिनीच्याच भाड्याच्या खोलीत राहून काढली, हेही सांगते. दादा नाट्याला बर्फाच्या कारखान्यात, म्हणून दर शनिवारी आम्ही दोघी एसटीने घरी जायचो. साहेबांच्या मागे लागून लागून वहिनीने सड्यावर टॉवर मंजूर करून घेतला. कातळात खड्डाही खणून झाला. आणि कंपनी विकली गेली! काम तिथेच थांबलं. पावसात खड्डा भरला आणि गावाने त्याला नाव ठेवलं, वहिनीची विहीर. एसटीत कोणी ना कोणी विचारायचंच, काय वहिनी, विहिरीला पाणी लागलं का. ती म्हणायची, लागलं ना, आता टॉवर उगवायचा तेवढा बाकी.

विकत घेणाऱ्या कंपनीला पुढे मुंबईच्या कंपनीने घेतलं. दरवेळी पाटी बदलायची, गणवेशाचा रंग बदलायचा, नवा साहेब यायचा आणि आमच्या वाडीची मागणी पुन्हा पहिल्या पायरीवर. गिऱ्हाईकं थोडी, परवडत नाही, हे उत्तर मात्र सगळ्या कंपन्यांचं एकच. मग एका परदेशी कंपनीने ही मुंबईची घेतली, आणि पाठोपाठ तिची वैरी कंपनीही घेतली. देशोदेशी अशीच घेत घेत ती मोठी झाली होती. मला तर वेडच लागलं. वर्गात जे अधिग्रहण मी पाठ करत होते ते आमच्याच खोलीत येऊन बसलं होतं! इकडे वहिनीच्या ऑफिसात सुतक. दोन कंपन्यांची माणसं एक झाली म्हणजे अर्धी घरी जाणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

त्या संध्याकाळी ती बांगडे साफ करत होती आणि मी स्टुलावर बसून व्याख्यान देत होते. कंपनी कंपनीला घेते ती गिऱ्हाईकांसाठी, रेडिओलहरी वापरायच्या सरकारी परवान्यासाठी. टॉवर आपले त्याबरोबर येतात.

"नको असले तरी?"

"नको असले तरी."

तिने विळी आडवी ठेवली. "म्हणजे आहेर गो, बाय."

तिच्या लग्नात लेमनसेटच लेमनसेट आले होते. आईने एक ठेवून घेतला, बाकीचे दुसऱ्यांच्या लग्नांत फिरवले. त्यातला एक तर सगळी वाडी फिरून माझ्याच साखरपुड्यात परत आला. आणि आडिवऱ्याच्या अलीकडे टेकडीवर दोन वैरी कंपन्यांचे टॉवर सवतींसारखे खांद्याला खांदा लावून उभे होते. दर शनिवारी ते आम्ही एसटीतून बघत होतो. आता दोन्ही एकाच घरचे. तिथे दुसऱ्याचं काम काय?

पुढचं वहिनीने इतक्यांदा सांगितलंय की मला तोंडपाठ आहे. पुण्याहून साहेब आला, एकेकाला आत बोलावू लागला. जो तो आपापल्या नोकरीचं विचारून पडल्या चेहऱ्याने बाहेर येत होता. वहिनी आत गेली आणि विचारलं, आडिवऱ्याच्या टेकडीवरचा एक टॉवर उतरवणार ना? साहेब म्हणाला, बहुतेक, भंगारात जाईल.

"भंगारात कशाला घालता? उतरवायचा खर्च तर करणारच आहात. आमच्या सड्यावर उभा करा, खड्डा तयार आहे."

"बाई, तुमच्या नोकरीचं काहीच विचारत नाही तुम्ही?"

"नोकरीचं तुम्ही ठरवून आला असाल, साहेब. टॉवरचं अजून ठरायचंय."

खोलीवर येऊन मला म्हणाली, नोकरी गेली बहुतेक, पण बोलले मी... आणि आम्ही दोघी हसत सुटलो. नोकरी गेली नाही. उलट अशा जादा टॉवरांना नव्या जागा शोधायला साहेबाने तिलाच तालुकाभर फिरवलं. कंपनी पुढे आणखी घेत गेली, वाढत गेली, आणि काउंटरवरची वहिनी त्या ऑफिसची प्रमुख झाली.

साहेबाला पटलं होतं, आणि आडिवऱ्याचा तो टॉवर सुटा होऊन ट्रकने आमच्याकडे आला. शेवटच्या चढावर ट्रक वळेना, तेव्हा लोखंडी पट्ट्या वाडीतल्या गड्यांनी खांद्यावरून वर नेल्या. विहिरीवरून चिडवणारेही त्यात होते. इंजिनिअर मात्र तयार खड्डा बघून पोट धरून हसला, म्हणाला हा ह्या टॉवरच्या मापाचा नाही, आणि बाजूला नवा खणायला लावला. चालू झाल्या दिवशी वहिनीने रत्नागिरीहून पहिला फोन लावला तो बाबांना. त्यांनी पडवीत उभं राहून फोन कानाला घट्ट धरला. मग म्हणाले, "येतंय गो ऐकू. लांबून बोलतेस असं वाटतच नाय."

गेल्या महिन्यात वहिनी रत्नागिरीच्या दवाखान्यात वारली, भर दुपारी. दादाने तिथूनच घरी फोन केला आणि तो बाबांनीच घेतला. ऊन उतरायच्या आत सगळी वाडी रत्नागिरीत होती. बाबा सुनेच्या उशाशी बसले, तिच्या कपाळावरून हात फिरवला, स्मशानापर्यंत सोबत चालले. ह्या वेळी त्यांना उशीर झाला नाही.

टॉवर चालू आहे. आमच्या वाडीत घरोघर फोन लागतो, आणि तो सुजातावहिनीने आणलाय.