अंगठ्याएवढा राक्षस

माणसाचे हात थांबतात, पण हातांनी घडवलेलं काळाला पुरून उरतं. माझा मित्र डॉ. श्रीधर याने घडवलेलं मात्र बहुतेक वेळा साच्यातच फुटायचं. गेल्या महिन्यात तो गेल्याचा फोन आयर्लंडमधल्या नावनहून आला, तेव्हा मला आधी त्याच्या परसातली शेड आठवली... मेण, माती आणि वितळलेलं कांसं.

श्रीधर नवजात बाळांचा डॉक्टर. प्राचीन अ‍ॅसिरियाचं त्याला वेड, पण राजे सिंह मारतायत अशी भिंतभर शिल्पं कुणी वाखाणली की म्हणायचा, "ते फ्लेक्स आहेत रे. काम बघायचं तर हे बघ." आणि अंगठ्याएवढ्या काशाच्या मुंडक्याचा फोटो पुढे करायचा. पाझुझू नावाचा राक्षस. कुत्र्याचा जबडा, बटबटीत डोळे, डोक्यावर दोरा ओवायला कडी. बाळं पळवणाऱ्या राक्षशिणीला घाबरवायला तिकडच्या आया हा जवळ बाळगत. एवढ्याशा चेहऱ्यावर कपाळाच्या आठ्यासुद्धा होत्या. त्या दाखवताना श्रीधरचा आवाज आपोआप खाली यायचा.

आमची इरा बारा आठवडे आधी जन्मली, त्याच्याच वॉर्डात. वजन काही वाढेना. चार साचे वाया घालवून श्रीधरने एक पाझुझू ओतला आणि उकळून, पिशवीत सील करून आणला. "यात विज्ञान शून्य आहे," तो म्हणाला, "पण रिकाम्या हाताने येववेना."

आयरिश नर्सने पाझुझूकडे बोट दाखवून निर्णय दिला, "युवर मॅन ग्रँड आहे," म्हणजे हा बाबा चालेल, "पण काचेच्या पेटीच्या बाहेर." साताऱ्याहून आलेल्या माझ्या सासूबाईंनी पिशवीवरच कुंकू लावलं.

"कुठला देव हा?"

"राक्षस आहे, काकू."

"असू दे. लेकराला राखतोय ना?"

दुसऱ्या दिवशी, गारठू नये म्हणून इराचं वजन दुपट्यासकट केलं. दुपट्याचं वजा करून साठ ग्रॅम वाढ! बायको रडायलाच लागली. कशावरही विश्वास न ठेवणारा मी हात जोडून उभा. श्रीधरने दुपट्याची घडी उलगडली, सासूबाईंनी आत खोचलेली पिशवी काढली आणि पुन्हा वजन केलं. अकरा.  तो अगदी हळू म्हणाला, "हे अकरा तिचे स्वतःचे आहेत रे..."

इरा आता सात वर्षांची आहे. उरलेले एकोणपन्नास ग्रॅम आमच्या देवघरात असतात.