रिकामी गाडी खोटं बोलते

दुपारचं जेवण अंगावर आलंय. पडवीतल्या गार फरशीवर मी आडवी होते. डोळा लागतो न लागतो तोच अंगणातल्या पिकअपच्या टायरवर कुणीतरी लाथ घालतं. ती लाथ मी ओळखते. आमच्या गल्लीत तशी लाथ एकच बाई घालायची.

"हौसे, ही चाकं कुणी आणली?"

मालनआक्का. माझी थोरली जाऊ. मागच्या माघात गेली. आम्ही बाकीच्या स्कुटीलासुद्धा भ्यायचो, तेव्हा ही बाई स्ट्रॉबेरीचे क्रेट भरून एकटी पसरणीचा घाट उतरायची, तेही गालात पान धरून. काय बाई होती! मी तिची जाऊ आहे हे सांगताना अजून माझी मान ताठ होते.

"ऋतुजानं आणली," मी म्हणते. "जुन्या रिमा गंजल्या होत्या. ही रुंद आहेत, दिसायलाही झ्याक. आज लेक पहिल्यांदा एकटी माल घेऊन घाट उतरणार आहे, आक्का. सकाळपासून मी देव पाण्यात घातलेत."

"नट बसले?"

"सगळे. अगदी बरोबर."

"पत्रिका जुळली म्हणजे संसार झाला का गं?"

मी हसते आणि बघते तर पिकअप स्वयंपाकघरात उभी, ओट्याला खेटून. कुकर शिट्ट्या देतोय. एक चाक आक्काच्या मांडीवर आहे आणि ती त्याच्या मधल्या भोकात हात फिरवतेय.

"हे भोक आसाच्या टोकाला, हबवर, घट्ट बसाय पाहिजे, डब्यावर झाकण बसतं तसं. न्हाईतर सगळा भार नटांवर येतो." ती मान डोलावते. "हे बसतंय. पोरीनं बघून घेतलंय. शाणी हाय."

"तुम्हीच शिकवलंत."

"मग काय तू शिकवणार व्हतीस?"

आता आम्ही वाईच्या बाजारात आहोत. वांग्यांच्या ढिगाशेजारी चाकांचा ढीग. आक्का एकेक उचलते, फिरवते, परत ठेवते. हे बसवलं की फार आत जाईल, हे फार बाहेर येईल, म्हणते.

"मावशी, घ्यायचं तर घ्या, उगं चिवडू नका," बाजारवाला वैतागतो.

"पाव्हणं, वांगं किडकं निघालं तर फेकता येतं. चाक वंगाळ निघालं तर घाटात मी काय करू?"

तो हात जोडतो. जिवंतपणीही तिच्यापुढे कुणाची डाळ शिजली नाही.

"मग ऋतुजाच्या चाकांना लाथ का घातलीत? तिचं चुकलं कुठं?" मी विचारते.

बाजार नाही. आम्ही अंगणात, मागच्या चाकापाशी. आक्का टायर आणि वरचा पत्रा यांच्या फटीत बोटं घालते. "चाक बाहेर आलंय. आत्ता जागा दिसतीय, पण माल भरला की गाडी खाली बसणार नि पत्रा टायर कापणार. वळणावळणाला कापणार."

मी वाकून फटीत बघते.

"मी सांगून ती ऐकायची नाही, आक्का. म्हणेल, आई, तुला गाडीतलं काय कळतंय!"

"रिकामी गाडी खोटं बोलते, हौसे. तिच्यात वजन घालून विचारावं."

खरंच, ती तसंच करायची. नवीन चाक बसवलं की गल्लीतल्या सगळ्या बायकांना गाडीच्या मागच्या हौद्यात चढवायची आणि मगच फटीत बोटं घालून बघायची. पिठाच्या हातानं मीही चढलेय. बायका खिदळायच्या, आक्का मात्र हसायची नाही.

"आता बायका कुठून आणू? सगळ्या रानात गेल्यात."

"मी बसते की."

"तुम्ही? काडीएवढं तर अंग तुमचं!"

"मेलेलं माणूस जड असतं गं." ती लुगडं खोचते, टायरवर पाय देते आणि हौद्यात चढते. "ऊठ आता. पोरीला हाक मार."

मी उठते. गालावर फरशीचा गारवा आहे. तशीच अंगणात धावते. ऋतुजा हातात किल्ली घेऊन मागच्या चाकापाशी वाकलीय. तिचा चेहरा पांढराफटक पडलाय.

"आई, मघाशी इथं चार बोटं जात होती. आता एकसुद्धा जात नाही."

हौदा मोकळा आहे. साधा क्रेटसुद्धा नाही. तरी गाडी मागून खाली बसलीय आणि पत्रा टायरला टेकलाय. ऋतुजा हौद्यात बघते, मग माझ्याकडे बघते.

"ही चाकं काढते मी," ती म्हणते. "जॅक दे."

मला रडू येतं आणि हसूही येतं. मी हौद्याच्या फळीवर हात ठेवते.

"आक्का, उतरा आता. तुमच्यासकट गाडी उचलवायची नाही पोरीला."