पिवळा मासा आणि वानखेडेबाबांचे हात

हे माझ्या बायकोलाही माहीत नाही. तिला माझं बाकी सगळं माहीत असतं — सांगितलेलं आणि न सांगितलेलंही — पण हे नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या सोसायटीत राहत नाही.

मी त्वचारोगतज्ज्ञ. दवाखाना हडपसरला. इथली शेतं जाऊन आयटी पार्क आले, त्यांच्यामागे उंच सोसायट्या आल्या, आणि सोसायट्यांच्या मागोमाग मी. रात्रभर एसीत बसून अमेरिकेची कामं करणाऱ्या पोरांचे केस गळतात, त्यावर माझं घर उभं आहे. म्हणजे तसा मी हुशार माणूस. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तसं वाटणार नाही.

शेजारच्या फ्लॅटमध्ये प्रशांत वानखेडे राहायला आला. मूळचा अकोल्याचा, कंपनीनं अमेरिकेला धाडून परत आणलेला. लोक तिकडून चॉकलेटं आणतात, यानं खाऱ्या पाण्यातले मासे पाळायचा नाद आणला. हॉलमध्ये भिंतभर काचेची टाकी, आत खडक, वाळू, आणि घरच्या घरी समुद्र कालवायला बादलीभर मीठ. टाकीसमोर खुर्ची टाकून त्याचे वडील बसायचे. रेल्वेतून निवृत्त झालेले, बायको गेल्यावर मुलाकडे आलेले. सगळे त्यांना बाबा म्हणत. पुण्यात त्यांना बोलायला कुणी नव्हतं — आमच्याकडे लिफ्टमध्येसुद्धा लोक एकमेकांकडे न बघता दाराकडे बघतात — म्हणून ते माशांशी बोलायचे. माशांना खाऊ घालायचं काम त्यांचंच. मासे त्यांच्या बोटांशी येऊन थांबायचे, हे मी स्वतः पाहिलंय.

नव्या घराच्या चहाचं बोलावणं आलं. सगळे पेढे नेणार, म्हणून मी मासा न्यायचं ठरवलं. कॅम्पातल्या दुकानातून पिवळाधमक मासा घेतला. पिशवीला गाठ मारताना दुकानदार म्हणाला, "साहेब, त्यांना सांगा, एकदम टाकीत सोडू नका. महिनाभर वेगळा ठेवा. अंगावर कीड असली तर तेवढ्यात कळते." मी मान हलवली.

आणि सांगितलं नाही. विसरलो? नाही हो. विसरलो असतो तर आज हे लिहीत बसलो असतो का? सगळ्यांच्या देखत तो मासा टाकीत सुटावा, आणि लोकांनी "वा डॉक्टर!" म्हणावं — एवढ्यासाठी. कोपऱ्यातल्या टबात पडलेल्या माशाला कोण वा म्हणतं?

लोक म्हणाले. अगदी भरभरून म्हणाले.

काही दिवसांनी प्रशांत दारात. माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आलेत, मीठ भुरभुरल्यासारखे, आणि मासे खडकावर अंग घासतायत. पांढरे ठिपके आणि खाज! आता तुम्हीच सांगा, माझ्यासारखा माणूस "मला यातलं कळत नाही" म्हणेल? मी टाकीसमोर वाकलो, चष्मा कपाळावर चढवला आणि निदान केलं — फंगस. तोंड आलं की लहान मुलांना लावतात ते जांभळं औषध थेंब थेंब पाण्यात सोडलं. प्रशांतचा समुद्र वांग्याच्या रंगाचा झाला. मासे माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होते, ती मी दवाखान्यात बऱ्याचदा पाहिली आहे.

आणि ठिपके गेले! साफ गेले!

गणपती तोंडावर होते. सोसायटीनं मंडपात माझा सत्कार केला, शाल-श्रीफळ दिलं. अध्यक्ष म्हणाले, डॉक्टरांना मुक्या जिवांचीही नाडी कळते. दुसऱ्या दिवशी एक बाई पोपट घेऊन दवाखान्यात आल्या. मी त्यालाही तपासलं.

मग ठिपके परत आले — आणि आले ते अंगभर. मासे वर येऊन धापा टाकू लागले. सगळ्यात आधी पिवळा गेला. मी घरच्या फोनची लाइन अडवून इंटरनेटवर बसलो, आणि जे सापडलं ते पुन्हा पुन्हा वाचलं. ते फंगस नव्हतंच. तो परजीवी होता. माशाच्या कातडीत शिरून पोटभर खातो आणि मग आपण होऊनच गळून पडतो, म्हणून ठिपके जातात. खाली वाळूत स्वतःभोवती कवच करतो, आत एकाचे शेकडो होतात आणि पुन्हा माशांवर चढतात. माझ्या जांभळ्या औषधाचा या सगळ्याशी काडीचाही संबंध नव्हता. आणि हा टाकीत येतो कसा? नव्या माशाबरोबर. दुसरं एखादं कारण सापडतंय का, ते मी बराच वेळ शोधलं.

सकाळी मी प्रशांतकडे गेलो आणि जन्मापासून ठाऊक असल्यासारखं सांगितलं — उरलेले मासे वेगळ्या टबात काढ, त्यांना तांब्याचं औषध मोजून दे, मोठी टाकी दोनेक महिने माशांविना राहू दे, म्हणजे कीड उपाशी मरेल. त्यानं तसंच केलं. दोन नारंगी मासे वाचले. म्हणजे शेवटी योग्य उपचार झाले, आणि तेही माझ्याच नावावर.

पण त्या सकाळी त्यानं विचारलं होतं, "डॉक्टर, हे आलं कुठून?"

बाबा खुर्चीत बसले होते. मी म्हणालो — अहो, हे लिहिताना आजही हात अडतोय — मी म्हणालो, "रोज पाण्यात हात जातो ना? हातानं पाणी खराब होतं. बाबांना म्हणावं, पाण्याला हात लावू नका."

टाकीच्या वर बुद्धाची तसबीर होती. बाबांच्या वडिलांना गावच्या विहिरीला हात लावू देत नव्हते, पाणी बाटतं म्हणून — हे बाबांनीच मला चहा पिताना सांगितलं होतं. मला सगळं ठाऊक होतं. वाक्य तोंडातून निघत असतानाही ठाऊक होतं. ते परत घेता आलं असतं की नाही? आलं असतं. पण मला माझ्या शालीची काळजी होती.

बाबा म्हणाले, "असन बाप्पा. माह्याच हातून झालं असन."

त्यानंतर त्यांची खुर्ची बाल्कनीत गेली. टाकीत पुन्हा मासे आले, पण त्यांना खाऊ प्रशांत घालायचा.

मग एक दिवस बाबा दवाखान्यात आले. शेजारी असूनही नंबर लावून बसले. आत आल्यावर दोन्ही तळवे वर करून माझ्या टेबलावर ठेवले. "पाहा बरं डॉक्टरसाहेब, माह्या हाताले काही हाय का?"

हात स्वच्छ होते. मी भिंग घेतलं आणि बोट न् बोट तपासलं. खोलीत आम्ही दोघंच होतो. दार लावलेलं होतं. बोलायला याहून बरी वेळ कुठली होती?

मी मलम लिहून दिलं. दोन्ही हातांना, सकाळ-संध्याकाळ.

त्यांनी विचारलं, किती दिवस? मी म्हणालो, लावत राहा.

ते अजून लावतात.