चुकून लागलेलं रीळ

मला चूक खपत नाही. शाळेत विज्ञान शिकवते म्हणून असेल, किंवा आईचं खरं धरलं तर जन्मापासूनच माझी जीभ फटकळ आहे म्हणून असेल. पोरांनी हृदयाच्या आकृतीत झडप उलटी काढली की मी वही तशीच परत पाठवते. असली बाई एका चुकलेल्या सिनेमावर उभं आयुष्य जीव लावून बसली आहे, हे स्टाफरूममध्ये कुणाला माहीत नाही. त्यांना एवढंच माहीत आहे की भिशीचा विषय निघाला तरी मी फिरून फिरून हवेत थांबलेल्या गोळ्यांवर येते.

सिनेमा इंग्रजी, पण आम्ही पाहिला तो हिंदीत डब केलेला. ऑफिसात मान खाली घालून काम करणाऱ्या एका तरुणाला कळतं, की आपण जगतोय ते जग खरं नाही. यंत्रांनी माणसांना झोपवून ठेवलंय आणि हे सगळं त्यांच्या डोक्यात भरलंय. मग तो जागा होतो, लढायला शिकतो आणि यंत्रांशी भिडतो. सगळे लांब काळे कोट घालून फिरतात. सोलापूरच्या उन्हात असला कोट घालून कुणी सात रस्त्याच्या चौकापर्यंत जरी चालला तरी भोवळ येऊन पडेल. पण पडद्यावर ते इतकं शोभतं की मी तेव्हा काळ्या रंगाचाच एक पंजाबी ड्रेस शिवून घेतला होता.

तो पाहिला दादाबरोबर. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमाग चालवायचा. एक दिवस दातेरी चाकात हात गेला आणि उजव्या हाताची तीन बोटं तुटली. जखम भरली, पण दादा घराबाहेर पडेना. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. विहारातली माणसं येऊन समजावून गेली, जेऊरचा मामा येऊन रागावून गेला, दादानं कुणालाच उत्तर दिलं नाही. "मी मेलोय, आता कशाला बोलायचं," एवढंच एकदा आईला म्हणाला. त्या वाक्याची आम्हाला फार भीती वाटायची. विळी, दोरी, उंदराचं औषध, सगळं आईनं शेजारी नेऊन ठेवलं होतं.

शेवटी आईनंच मला सांगितलं, "याला कुटंतरी घेऊन जा गं. सिनेमाला ने." कुठला सिनेमा लागलाय ते तिनं विचारलं नाही आणि मीही पाहिलं नाही. दुपारच्या शोची तिकिटं काढली आणि जाऊन बसलो.

त्या काळी आमच्याकडे एक रीत होती. बाहेरच्या सिनेमाची एकच प्रत यायची आणि ती दोन थिएटरांत चालायची. एकीकडे रीळ संपलं की एक माणूस तो पत्र्याचा डबा सायकलच्या कॅरिअरला बांधून दुसऱ्या थिएटरात पोचवायचा. दोन्हीकडच्या शोच्या वेळा तशाच मागेपुढे ठेवलेल्या असत. शो संपले की डबे तसेच परत यायचे, आणि परत येताना कधी कधी सरमिसळ व्हायची. हिंदी सिनेमात ती लगेच कळायची. लग्नाआधी बारसं झालं की अख्खं थिएटर शिट्ट्या मारून ओरडायचं, "ए, रीळ बदल!" ऑपरेटरची खैर नसायची.

त्या दुपारी मात्र कुणीच ओरडलं नाही. हिरो जागा झाला, त्याला खरं जग दिसलं, आणि लगेच पुढच्या रिळात एका कळकट इमारतीच्या बोळात काळ्या सुटातल्या माणसानं त्याच्या छातीत गोळ्या घातल्या. हिरो भिंतीला घसरत खाली बसला, डोळे मिटले, पडदा काळा झाला. मेला! मध्यंतराआधीच! त्यानंतरचं रीळ सुरू झालं तर हिरो उभा, आणि त्याचा गुरू त्याला लढायला शिकवतोय. पडतोय, उठतोय, उडी मारताना आपटतोय, परत उठतोय. आमची खात्रीच झाली की सिनेमा असाच आहे. सगळं जगच खोटं म्हटल्यावर मरणही खोटं असणार, मेल्याशिवाय शिकवणी सुरू होत नसणार. अगदी शेवटी तोच हिरो त्याच बोळात उठून उभा राहिला, हात पुढे केला, आणि समोरून येणाऱ्या गोळ्या हवेत थांबल्या. थिएटर उठून नाचलं. मी दादाकडे पाहिलं. तो रडत होता. त्या अपघातानंतर पहिल्यांदा रडत होता.

बाहेर आल्यावर उसाच्या गाड्यापाशी तो थांबला. "बघितलंस का?" म्हणाला. "आदी मरतो, मग शिकतो."

दुसऱ्या दिवसापासून तो डाव्या हातानं अक्षरं काढायला बसला. आधी पाटीवर, मग रद्दी पेपरवर, मग ब्रशनं भिंतीवर. अक्षरं आधी इतकी वाकडी यायची की मी हसायची आणि तोही हसायचा. वर्षभरात शुक्रवार पेठेतल्या दुकानांच्या पाट्या त्याच्याकडे यायला लागल्या. मग टेंभुर्णीच्या रस्त्यावरच्या ढाब्यांच्या. 'शुद्ध शाकाहारी' हे शब्द त्याच्याइतके झोकात जिल्ह्यात कुणी लिहीत नव्हतं. लग्न झालं, मुलगी झाली.

मी तो सिनेमा पुन्हा पाहिला तो कितीतरी वर्षांनी, सीडी आणून, एकटीनं. आणि हादरले. शिकवणी आधी होती. मरण शेवटी होतं, आणि मेल्यावर तो तिथल्या तिथे, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच उठत होता. आमच्या थिएटरात शेवटून दुसरं रीळ चुकून मध्ये लागलं होतं. तुमचा विश्वास बसणार नाही, पण मला त्या ऑपरेटरचा संताप आला. त्याच संध्याकाळी मी दादाला सांगायला निघाले. चुका दुरुस्त करण्यात मला गोडीच आहे.

पण त्याच महिन्यात फ्लेक्सचं मशीन गावात येऊन सगळ्यांच्या पाट्या बंद पडल्या होत्या. मी पोचले तेव्हा दादा आपल्या अर्ध्या वयाच्या पोरांशेजारी बसून कॉम्प्युटरचा क्लास करून नुकताच घरी आला होता. हातात माउस कसा धरायचा ते वहिनीला साबणाच्या वडीवर दाखवत होता. "परत मेलो की गं," मला बघून हसत म्हणाला, "आता परत शिकायचं. पिक्चरमदी तसंच हाय की." मी चहा घेतला आणि परत आले.

यंदा तो सिनेमा मोठ्या पडद्यावर पुन्हा लागला, मॉलमधल्या मल्टिप्लेक्सला. दादाचा फोन आला. पोरीला दाखवायचा होता. मी हजार सबबी सांगितल्या. तिथं एसीनं सर्दी होते, आवाज फार मोठा असतो, पोरीची परीक्षा आहे. त्यानं ऐकलं नाही. "अगं, ज्या पिक्चरनं बापाला उठवलं तो पोरीनं बघायला नको व्हय?" मी तयार झाले. ज्यावर तो इतकी वर्षं उभा होता ते खोटं होतं, हे आता त्याला माझ्या शेजारी बसून कळणार होतं.

सिनेमा सुरू झाला आणि भीती असूनही मी त्यात बुडाले. काय केलंय त्या लोकांनी! गोळी हवेतून जाते तेव्हा तिच्यामागे हवेत कडी उमटतात, पाण्यात खडा पडल्यावर उमटतात तशी. हवा दिसत नाही, पण ती असते आणि हलते, हे मी दरवर्षी ओरडून शिकवते. त्यांनी ते एका क्षणात दाखवलंय. फरशा फुटून उडतात तो प्रसंग तर मला अजून श्वास रोखून बघावा लागतो. आणि एवढी मारामारी असून सिनेमा विचारतो ते काय, तर तुला दिसतंय ते खरं कशावरून? असा प्रश्न विचारणारा मारधाडीचा सिनेमा मी दुसरा पाहिला नाही.

मग शिकवणी आली. मरणाआधीच आली. दादा माझ्याकडे वळला. "हे आदी कसं काय?" मी पडद्याकडे बघत राहिले. शेवटी हिरो बोळात पडला तेव्हा दादाच्या डाव्या हातानं खुर्चीचा दांडा घट्ट धरला होता. हिरो उठला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. दादानं वाजवल्या नाहीत.

दिवे लागले. तो बाहेर पडला आणि तडक दारावरच्या माणसाकडे गेला. आम्ही दोघी मागे धावलो.

"भाऊ, तुमचं रीळ चुकलं. मरणाचं आदी पायजे, तुमी शेवटी लावलं."

त्याला काही उमगेना. "काका, आता रीळ नसतंय. कॉम्प्युटरवरनं चालतंय सगळं."

"मग कॉम्प्युटर चुकला आसंल. माणूस मरतो, मग त्याला शिकवतात. ह्यात तर शिकून मरतोय. त्याला काय अर्थ हाय का?"

माझ्या भाचीनं हा सिनेमा बापाच्या नकळत मोबाइलवर पारायणं करून पाहिलाय. तिनं तोंड उघडलं. मी तिचा दंड दाबला.

दादा माझ्याकडे वळला. चेहऱ्यावर राग नव्हता. कितीतरी वर्षांपूर्वी भिंतीकडे वळलेला जो चेहरा मी पाहिला होता, त्याची सावली तेवढी होती. "तू सांग की ह्यांना. तू हुतीस की माझ्यासंगं."

लोक थांबून बघत होते. मी पदर सारखा केला आणि वर्गात बरोबर उत्तर सांगते तसं, मागच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाले, "व्हय, चुकलंय यांचं. आधी मरतो, मग शिकतो. आम्ही पाहिलाय."