तीन महिन्यांची मॅडम

बी.एस्सी. झाल्यावर मी वर्ध्याहून पुण्याला आले ती कॉम्प्युटरचा कोर्स करायला. कोर्स संपला, पण नोकरीचा पत्ता नव्हता. मी कसबा पेठेत खोली घेऊन राहत होते. तिथून चालत बुधवार पेठेत गेलं की टीव्ही-रेडिओच्या दुकानांवरच्या मजल्यावर एक कन्सल्टन्सी होती. कंपन्यांना तात्पुरती माणसं पुरवणं हे त्यांचं काम. ती चालवणाऱ्या बाईंनी मला एकदा नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "हडपसरला एका सॉफ्टवेअर कंपनीत रिसेप्शनवरची मुलगी बाळंतपणाच्या रजेवर चाललीय. तीन महिने तिच्या जागी बसायचं."

"पुढे पर्मनंट होईल का?" मी विचारलं.

"अहो, नोकरी धरताय की लग्न ठरवताय?"

संध्याकाळी एसटीडी बूथवरून बाबांना फोन केला. बाबा सरकारी कचेरीत कारकून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तीन महिन्यांची नोकरी? अन् मग?"

"मग दुसरी."

"काऊन पण? इथं पतसंस्थेत कायमची जागा निघून राहिली. ये ना घरी."

दोन दिवस माझं मन इकडून तिकडे जात होतं. वर्ध्याची जागा म्हणजे आईच्या हातचं जेवण, ओळखीची माणसं, कसली धाकधूक नाही. आणि म्हातारी होईपर्यंत तीच खुर्ची, तेच टेबल, तीच समोरची भिंत. त्या भिंतीपाशी येऊन विचार थांबायचा. मला अजून पुणंही धड पाहून झालं नव्हतं. मी बाईंना होकार कळवला.

रजेवर जाणाऱ्या मुलीने दोन दिवसांत मला काम शिकवलं. कुठलं बटण दाबलं की फोन कुणाकडे जातो, पाहुण्यांना कुठे बसवायचं, कुठल्या साहेबांना जेवताना अजिबात फोन द्यायचा नाही. जाताना म्हणाली, "आवाज छान आहे तुझा. फक्त घाबरू नकोस."

तिसऱ्या दिवशी एकटी बसले आणि घाबरले. फोन वाजला. पलीकडे कुणी वयस्कर गृहस्थ, एसी दुरुस्त करणाऱ्या फर्मचे मालक. त्यांना मॅनेजर हवे होते.

"साहेब मीटिंगमध्ये बसून राहिले," मी म्हटलं. आमच्याकडे वर्ध्याला 'बसलेत'ऐवजी असंच बोलतात.

पलीकडून अगदी गंभीर आवाजात, "बसून राहिले? मग त्यांना उठवायला कुणी जाणार आहे का आपल्याकडून?"

मला इतकं हसू फुटलं की रिसीव्हर हातातून निसटला. तो उचलून कानाला लावला तर तेही हसत होते. त्यानंतर त्यांचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "काय, आज बसून राहिलेत की उठून राहिलेत?" माझी भीती त्यांनी अशी घालवली. महिनाभरात मी बंगलोरच्या आणि परदेशातल्या माणसांशीही न अडखळता बोलायला लागले.

एक दिवस दुपारी बाबा ऑफिसच्या दारात उभे, मी कळवलेल्या पत्त्याचा कागद हातात. न कळवता रेल्वेत बसून आले होते. "पाहावं म्हटलं, तू काय करून राहिली," एवढंच बोलले आणि पाहुण्यांच्या सोफ्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसले. मी फोन घेत होते, माणसांना आत पाठवत होते, मध्येच इंग्रजीत बोलत होते. बाबांची नजर माझ्यावरून हलत नव्हती. तेवढ्यात मुलाखतीला आलेल्या एका पोराने त्यांनाच विचारलं, "काका, एचआर कुठे बसतात?"

बाबा ताठ झाले. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "त्या मॅडमना विचारा. इथलं सगळं त्या पाहतात."

संध्याकाळी बसने परत येताना ते पतसंस्थेचं काहीच बोलले नाहीत. उतरल्यावर म्हणाले, "चल, तुझ्या पुण्यात काय चांगलं मिळते ते खाऊ घाल." आम्ही दोघांनी पोटभर मिसळ खाल्ली. तिखट काहीच नाही म्हणत बाबांनी दुसरी प्लेट मागवली.

तीन महिने संपले आणि रजेवरची मुलगी परत रुजू झाली त्या सकाळी तिच्यासोबत तिचं बाळही आलं होतं, सगळ्यांना दाखवायला. तिने ते माझ्या हातात दिलं आणि ती आपल्या खुर्चीत बसली. तेवढ्यात फोन वाजला. सवयीने मी हात पुढे केला, तिनेही केला. आम्ही दोघी खळखळून हसलो.

"घे तूच, आजच्या दिवस," ती म्हणाली.

पुढे दोनेक वर्षं मी अशाच कुणाच्या ना कुणाच्या रजेच्या काळात काम केलं. बँकेत, इस्पितळात, एका पुस्तकांच्या गोदामात. शेवटी एका कंपनीने कायमचं ठेवून घेतलं, तेव्हा आनंद झालाच. पण हडपसरची नोकरी संपली त्या संध्याकाळी तिथल्या बसस्टॉपवर उभी असताना उद्या कुठे असेन हे मला ठाऊक नव्हतं आणि त्यामुळेच मी मनातल्या मनात गात होते.