साबणाने धुतलेला कोळसा

पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे कोळसेकाकू म्हणत. करवंट्या बंद भट्टीत जाळायच्या, कोळसा लालबुंद असतानाच त्याला वाफ द्यायची. मग त्याला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं पडतात आणि पाण्यातलं फवारणीचं औषध त्यांत अडकून बसतं. हेच करता करता काकूंचे केस पांढरे झाले आणि नखं काळी. "निदान नखं तरी तरुण राहिली," म्हणायच्या.

पण दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तसं झालं. काकूंच्या घरामागेच फळबाग होती आणि तिथलं औषध त्यांच्याच विहिरीत उतरलं. सुनेने फोनवर स्पष्टच सांगितलं, "आई, राग मानू नका, पण पाणी साफ झाल्याशिवाय मी बाळाला तिकडे आणणार नाही."

राग कसला? तिच्या जागी काकूंनीही तेच केलं असतं. पण नातीला अजून एकदाही मांडीवर घेतलं नव्हतं, त्याने जीव तुटत होता.

त्यांनी पिंपात खडी, वाळू आणि वर आपला कोळसा भरला. चार दिवसांनी पिंपातलं पाणी प्रयोगशाळेत नेऊन तपासलं, तर औषध जसंच्या तसं! काकू हबकल्याच. सारा जन्म या कामात गेला आणि घरच्याच पाण्यापुढे हात टेकायचे?

घरी येऊन त्यांनी पिंप उघडलं. कोळशाला चक्क लिंबाचा वास येत होता.

"अहो, काय केलंत याला?"

यजमान म्हणजे स्वच्छतेचा अवतार. नळाची तोटीसुद्धा पुसून ठेवणारे. "अगं, पहिल्यांदा काळं पाणी आलं. आपली नात पिणार ते! म्हणून साबणाच्या पावडरीने खसाखसा धुतला. फेस जाईपर्यंत, हं!"

"अहो, कर्म माझं! कोळसा उगाळावा तितका काळाच, आणि तुम्ही त्याला आंघोळ घातलीत? तो साबणानेच पोट भरून बसला. आता औषधाला जागा कुठली?"

यजमानांचं तोंड एवढंसं झालं. ते बघून काकूंना आधी हसू फुटलं, मग डोळ्यांत पाणी आलं.

नवा कोळसा यजमानांनीच धुतला, पण नुसत्या पाण्याने. या वेळी औषधाचा मागमूस नव्हता.

सून आली. तिने तपासणीचा कागद नीट वाचला, पिंपाच्या नळाखाली पेला धरला, स्वतः प्यायली आणि बाळ काकूंपुढे धरलं.

काकूंनी हात पुढे केले, काळी नखं पाहिली आणि मागे घेतले. "थांब गं, हात धुऊन येते."

यजमान साबण घेऊन मागे उभेच होते.